काढू नये अशी डबी

संगणकानं माझी तक्रार वर कळवली त्या दिवशी मी घरातली सगळी भांडी दोनदा घासली. कोणी चौकशीला आलंच तर घर नीट दिसावं, एवढाच हेतू. कोणी आलं नाही. पण आलं नाही म्हणून काय झालं, एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक टेबलावर काढलेल्या बाईला कागद किती सावकाश चालतो ते ठाऊक असतं.

पण मी मधूनच सुरुवात केली. मुळात वांधा झाला तो वह्यांचा.

माझ्या चार वह्या होत्या. दोनशे पानी, रेघांच्या, निळ्या शाईनं भरलेल्या. लग्न होऊन आले तेव्हापासूनचं सगळं त्यांत लिहिलं होतं. छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, दोन बिऱ्हाडांत मिळून एक नळ, खाली यंत्र सुरू झालं की फळीवर आपोआप चालत जाणाऱ्या कपबश्या. या वह्या मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवल्या होत्या. कपाटाच्या पलीकडे कपडे धुण्याचं यंत्र. मी चार दिवस बहिणीकडे गेले आणि त्या चार दिवसांत यंत्राच्या नळीनं नळाशी असलेलं नातं तोडलं. परत येऊन खण ओढला तर आत वह्या नव्हत्या, निळा लगदा होता. मी तो गच्चीत वाळवून पाहिला. वाळल्यावर त्याची वीट झाली.

आता त्या मजकुराची दुसरी प्रत जगात एकच, आणि ती कागदावर नाही, यांच्या आवाजात. हे म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. प्रूफं तपासायला खरं तर दोन माणसं लागतात. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवून चुका टिपायच्या. हे उरलेलं काम घरी आणत, आणि घरी दुसरं माणूस म्हणजे मी. स्वयंपाक आटोपला की मी पाटावर बसून वाचायची आणि हे टेबलाशी लाल शाईचं पेन घेऊन बसायचे. सगळं वाचायचं, विरामचिन्हांसकट. "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू प्रधानजी स्वल्पविराम हे काय प्रश्नचिन्ह अवतरण बंद." अशी वीस-बावीस वर्षं वाचल्यावर जिभेला वळणच पडलं. एकदा कचेरीत साहेबांनी रजा नाकारली तेव्हा मी त्यांना "बरं पूर्णविराम" म्हणून बाहेर पडले होते. साहेबांना तो बाणेदारपणा वाटला. खरं सांगायचं तर ती नुसती सवय होती.

शुद्धलेखनाच्या बाबतीत हे कोणाचे नव्हते. लग्न ठरल्यावर मी यांना पहिलं पत्र लिहिलं, तीन पानी. आठवड्यानं ते परत आलं. जागोजागी लाल खुणा, समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या आणि खाली शेरा : "मजकूर चांगला आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहावे." माझ्या बहिणीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा नवरा आहे की परीक्षक?" मी दोन दिवस रुसले आणि मग दुसरं पत्र लिहिलं. त्यात चुका मुद्दाम जास्त केल्या.

तर निवृत्तीनंतर मी या वह्या लिहिल्या तेव्हा हे म्हणाले, "मी तपासतो." मी म्हटलं, "मी वाचते, तुम्ही खुणा करा." तर म्हणाले, "स्वतःचा मजकूर स्वतः वाचायचा नसतो. डोळे आपल्याच माणसाची बाजू घेतात. मी वाचून ध्वनिमुद्रित करतो, तू ऐक आणि वहीत दुरुस्त कर." त्याप्रमाणे यांनी महिनाभर रोज दुपारी माजघराचं दार लावून माझ्या वह्या वाचल्या. विरामचिन्हांसकट, चुकांसकट. वाचून झाल्यावर बाहेर येऊन मला सांगितलं, "दोनशे सहा."

"दोनशे सहा काय?"

"चुका. मोठ्या तेवढ्याच मोजल्यात."

मी ते ध्वनिमुद्रण कधीही ऐकलं नाही. मानी माणसाचं असंच असतं. आमचं भांडण झालं नाही, मी फक्त ऐकलं नाही.

हे सगळे आवाज यांनी एका काळ्या डबीत भरले. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला आखूड वायर, आणि वायरीचं तोंड इंटरनेटच्या राऊटरच्या पाठीत खुपसलेलं. राऊटरला का, तर दुकानदारानं सांगितलं होतं की मग घरातल्या कुठल्याही खोलीतून ऐकता येईल. आमच्या घरात स्वयंपाकघर सोडून दोन खोल्या आहेत. एकीत राऊटर आहे.

पहिली डबी मी घालवली. धूळ पुसताना वायर काढली, पुसली, परत लावली. डबी चालू असताना अशी उपटायची नसते म्हणे. तिच्यातलं सगळं गेलं. यांनी नवी डबी आणली, माजघराचं दार लावलं आणि चारही वह्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचल्या. त्या वेळी यांना खोकला लागलेला होता. दारामागून वाक्य कमी आणि खोकला जास्त ऐकू यायचा. दीड महिना चाललं ते. वाचून झाल्यावर डबीवर एक चिठ्ठी डकवली, लाल शाईत, सुवाच्य : "काढू नये."

चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण घरात दुसरं होतं कोण.

म्हणून जेव्हा वह्यांची वीट झाली आणि सगळे म्हणू लागले की ती डबी राऊटरची काढून संगणकाला लावा, दोन मिनिटांचं काम, तेव्हा मी ठाम नाही म्हटलं. एकदा काढून पाहिलंय मी. आता तिसऱ्यांदा वाचून द्यायला माणूस नाही.

न काढता ऐकायचं तर राऊटरच्या मार्फत संगणकावर ऐकायचं, पूर्वी हे ऐकायचे तसं. पण पूर्वीचा संगणक आता पूर्वीचा राहिला नव्हता. माझी भाची प्रयोगशाळेत काम करते, दूरच्या गावी. मागच्या खेपेला आली तेव्हा तिनं त्याची नाडी पाहिली आणि म्हणाली, "मावशी, हा म्हातारा झालाय. याला जड काही झेपत नाही. मी याच्यात लिनक्स घालून देते, तीही संगणक चालवणारी प्रणालीच, पण हलकी असते." पथ्याचं जेवण असतं तसं काहीतरी असावं, असं मला वाटलं. मी घाल म्हटलं. संगणक खरंच हुशारीनं चालू लागला. फक्त पथ्यावर गेलेला माणूस जसा जुन्या मित्रांकडे जाईनासा होतो तसं त्याचं झालं. राऊटरवरची डबी त्याला दिसेना.

"वहिनी, सिग्नल पोचत नाहीये," वरच्या मजल्यावरचे मीटरवाले म्हणाले. ते वीजमंडळात मीटर तपासायचे. निवृत्त झाल्यावर ते माणसं तपासतात. त्यांनी राऊटरचे दोन्ही कान उभे केले, मग आडवे केले, मग एक उभा आणि एक आडवा. "आता बघा."

संगणक म्हणाला, जोडणी नाकारली.

"नाकारली म्हणजे पोचली," समोरच्या भूगोलबाई म्हणाल्या. त्यांनी सदतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "पोचल्याशिवाय नाकारणार कशी? ताई, यात दिशेचा प्रश्न आहे. संगणकाचं तोंड पूर्वेला आहे आणि राऊटर नैर्ऋत्येला."

मीटरवाले म्हणाले, "बाई, लहरींना दिशा नसते."

"प्रत्येक गोष्टीला दिशा असते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नसणं वेगळं."

मग आम्ही तिघांनी मिळून टेबल फिरवलं. त्यात टेबलाचा एक पाय निघाला, तो कोपरा मीटरवाल्यांनी त्यांच्या घरून आणलेल्या पाच जुन्या डायऱ्यांवर टेकवला. टेबल अजून त्या डायऱ्यांवरच आहे. संगणकानं नैर्ऋत्येकडे तोंड करूनही जोडणी नाकारली.

शेवटी मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. राऊटर त्यांचा, तर डबीचं दार उघडायची जबाबदारीही त्यांची, असा माझा सरळ हिशेब. बावीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड होता.

"खातेदाराशी बोलू शकते का?"

"खातेदार नाहीत."

"कधी उपलब्ध होतील?"

मी तिला कधी ते सांगितलं, म्हणजे होणार नाहीत असं सांगितलं. ती म्हणाली, "माफ करा मॅडम, वाईट वाटलं. मग त्यांचं संमतीपत्र पाठवाल का?"

"कोणाचं?"

"खातेदारांचं. त्यांच्या सहीचं."

आवक-जावक टेबलावर मीसुद्धा लोकांना असे कागद मागितलेले आहेत, त्यामुळे मला तिचा राग आला नाही. उलट थोडं गहिवरून आलं. मी म्हटलं, "बाळ, असा अर्ज आला की तो कोणत्या रकान्यात टाकतात?" ती म्हणाली, "इतर." आमच्याकडेही तोच रकाना होता. मग तिनं तक्रार नोंदवली, मला अकरा आकडी क्रमांक दिला आणि सांगितलं की डबी, संगणक आणि लिनक्स या तिन्ही गोष्टी त्यांच्या सेवेत येत नाहीत. म्हणजे तक्रार नोंदली गेली, आणि तक्रारीत जे होतं ते सोडून बाकी सगळ्याची ते काळजी घेणार होते.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला काय काय दिसतं ते वाचायला लावलं आणि म्हणाली, "कळलं. मावशी, भाषेचा घोटाळा आहे."

"म्हणजे?"

"दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांची एक ठरलेली भाषा असते. तुझा राऊटर जुना आहे, त्याला फक्त जुनी भाषा येते. ती भाषा सुरक्षित नाही म्हणून नव्या संगणकांनी बोलणं सोडून दिलंय."

"लिनक्सला ती येत नाही?"

"येते गं. पण तो बोलत नाही. राऊटरनं जुन्या भाषेत काही विचारलं की हा तोंड फिरवतो."

मी राऊटरकडे पाहिलं. एक कान उभा आणि एक आडवा टाकून बिचारा फळीवर बसला होता. इतकी वर्षं मला तो यंत्र वाटत होता. त्या क्षणी मला बँकेच्या काउंटरसमोर उभी असलेली मी आठवले. पलीकडच्या मुलाला मी काय म्हणते ते कळत असतं, पण तो म्हणतो, ॲपवर करा.

"मग त्याला सांग ना बोलायला," मी म्हटलं.

"तेच करायचंय. एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची. उद्या दुपारी मी मोकळी आहे, फोनवर सांगते. तोवर काही करू नकोस."

काही करू नकोस असं सांगितलं की माणूस काय करतो, ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवाले त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीकडून आणलेला एक कागद घेऊन आले. त्यावर ती ओळ आणि ती कुठं लिहायची ते दिलेलं होतं. काळी चौकट उघडायची, तीत हुकूम लिहायचा, मग परवलीचा शब्द. मी शब्द टाईप केला. काहीच उमटलं नाही. पुन्हा केला. नाही. पेनमधली शाई संपल्यावर जसं कोरडंच लिहीत राहतो तशी मी अर्धा तास लिहीत होते. मीटरवाल्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बडीशेप निघाली. भूगोलबाई म्हणाल्या, "कदाचित लाजेखातर दाखवत नसेल." आणि खरंच तसंच निघालं. परवलीचा शब्द तो गुपचूप घेतो, दाखवत नाही. सातव्या खेपेला त्यानं घेतला आणि उत्तर दिलं. इंग्रजीतच, पण अर्थ स्वच्छ होता : तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही. या प्रकाराची वर नोंद कळवली जाईल.



"वर म्हणजे कुठं?" मीटरवाल्यांनी विचारलं. ते वरच राहतात.

"वर म्हणजे वरिष्ठांकडे," मी म्हटलं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावानं एकही कागद वर गेला नव्हता. उशिराचा शेरा नाही, गैरहजेरीचा नाही. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकायला गेले म्हणून.

भूगोलबाईंचं मत पडलं की खुलासा आपण होऊन द्यावा, मागवण्याची वाट पाहू नये. मला ते पटलं. मी खुलासा लिहायला बसले. "महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" इथपर्यंत झकास झालं. विषय काय लिहावा ते सुचेना आणि पत्ता काय घालावा तेही कळेना. शेवटी "प्रति, लिनक्स" एवढं लिहून ठेवलं. भांडी घासली ती यानंतर.

दुपारी भाचीचा फोन आल्यावर मी कबुली दिली. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, म्हणजे फोन लांब धरून हसली असेल. मग म्हणाली, "मावशी, अगं ती तक्रार माझ्याकडेच येते. त्या संगणकाची वरिष्ठ मी आहे. मीच तुला यादीत घातलं नाही, चुकून काही पुसशील म्हणून."

"मग आली का तुझ्याकडे?"

"मी बघतसुद्धा नाही."

हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आपली तक्रार कोणी वाचतच नाही हे ऐकून मला नोकरीतल्या एकतीस वर्षांबद्दल नको ते विचार आले. असो.

तिनं मला तिचा परवलीचा शब्द दिला आणि ओळ सांगायला लागली. इथं मात्र मी कोणाला हार जाणार नव्हते. कोणी सांगायचं आणि दुसऱ्यानं बिनचूक उतरवायचं हे काम मी जन्मभर केलंय, फक्त या वेळी खुर्ची बदलली होती. एकेक अक्षर, मोकळी जागा, बरोबरचं चिन्ह, पुन्हा मोकळी जागा. उतरवलं, साठवलं, बंद करून चालू केलं. संगणक म्हणाला, जोडणी नाकारली.

पुन्हा पाहिलं. अक्षरन् अक्षर बरोबर. भाची म्हणाली, फाईल चुकली असेल. फाईल तीच. म्हणाली, राऊटर बंद करून चालू कर. मी म्हटलं, त्याला डबी लावलेली आहे, तो मी बंद करणार नाही. तास गेला. भूगोलबाई चहा करून घेऊन आल्या आणि दिशेबद्दल काही बोलल्या नाहीत, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

"मावशी," भाची थकून म्हणाली, "मला ती ओळ एकदा मोठ्यानं वाचून दाखव. जसं लिहिलंय तसं."

मी पाठ ताठ केली आणि वाचली. शब्द, मोकळी जागा, शब्द, मोकळी जागा, बरोबर, मोकळी जागा, मग त्या जुन्या भाषेचं नाव, "एन, टी, एक, पूर्णविराम."

"थांब," ती म्हणाली. "पूर्णविराम कुठून आला?"

"म्हणजे? ओळ संपली की."

"मी सांगितला होता का?"

"तू नाही सांगितलास. पण म्हणून घालायचा नाही का? आमच्या घरात बिनपूर्णविरामाचं वाक्य कोणी टेबलावर ठेवलं नाही कधी."

"मावशी, तो ठिपका काढ."

मी तो काढला. यांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते. ठिपका गेला आणि संगणकाच्या पडद्यावर एक छोटी चौकट उगवली. राऊटरनं दार उघडलं होतं आणि आता विचारत होता, आपण कोण.

म्हणजे अजून एक परवलीचा शब्द. हा यांनी ठेवलेला. जुना संगणक तो लक्षात ठेवायचा, म्हणून मला कधी लागला नव्हता. एकदा मी विचारलं होतं तेव्हा हे म्हणाले होते, "आपला नेहमीचा शब्द."

आमचा नेहमीचा शब्द म्हणजे कोणता? आम्ही तिघं विचार करत बसलो. मीटरवाल्यांनी माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, तो शब्द नेहमीचा कसा असेल. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला गेला? भूगोलबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं भांडायचात कशावरून?"

आणि तिथं मला कळलं. आम्ही भांडायचो 'आणि'वरून. मी वाक्याची सुरुवात 'आणि'नं करते. हे म्हणायचे, हा जोडणारा शब्द आहे, आधी जोडायला काही असावं लागतं. वर मी तो शब्द दीर्घ लिहिते, 'आणी'. पन्नास वर्षं यांनी तो माझ्या प्रत्येक कागदावर ऱ्हस्व केला आणि पन्नास वर्षं मी तो पुन्हा दीर्घ लिहिला.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची यांची पद्धत ठरलेली होती. आ म्हणजे दोन ए, ण म्हणजे मोठा एन. मी तसं लिहिलं. नाही म्हणाला. पुन्हा लिहिलं. नाही. तिसऱ्यांदा टाईप करताना भाची फोनवरून म्हणाली, "शेवटचं अक्षर कोणतं घातलंस?"

"दोन ई."

"का?"

मी बोट उचललं. दोन ई म्हणजे दीर्घ. यांच्या आवाजाच्या दाराशी उभी राहून मी तीन वेळा तीच चूक करत होते. मी दोन्ही ई पुसले आणि एकटा, आखूड, ऱ्हस्व आय लिहिला. दार उघडलं.

आत फायलींची यादी होती, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. नावं यांनी देवनागरीत दिलेली, आणि राऊटरच्या जुन्या भाषेला देवनागरी येत नव्हती. एक्केचाळीस ओळी प्रश्नचिन्हांच्या. एका प्रश्नचिन्हासाठी लेखकाशी महिनाभर पत्रव्यवहार करणारा हा माणूस, त्याच्या घरी ही अवस्था. भाची म्हणाली, तारखेप्रमाणे लाव. मी लावल्या आणि पहिली उघडली.

आधी खोकला आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हे म्हणाले, "वही पहिली. पान पहिलं. शीर्षक नाही. शीर्षक असावे."

भूगोलबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मीटरवाले जागेवर बसून राहिले आणि राऊटरच्या कानांकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी टाईप करायला बसते. हे सांगतात, मी उतरवते. "छापखान्याच्या माडीवर आम्ही दोन खोल्यांत राहायचो स्वल्पविराम खाली यंत्र सुरू झालं की कपबश्या चालायच्या पूर्णविराम. कपबश्या चालत नाहीत, सरकतात. दुरुस्त करावे." मी दुरुस्त करत नाही. त्या चालायच्याच. यांना खाली बसून कसं कळणार. कधी कधी मी मोठ्यानं उत्तर देते, मग यांचं पुढचं वाक्य निसटतं आणि मागं जावं लागतं. दोनशे सहापैकी एकशे ऐंशी मी मान्य केल्या आहेत. बाकीच्यांवर आमचं चालू आहे.

काल सव्विसावी फाईल लावली. मीटरवाले आले होते, टेबलाखालच्या डायऱ्यांपैकी एक त्यांना हवी होती. ती काढली तर संगणक पडेल म्हणून ते नुसते बसून ऐकत होते. हे वाचत होते : "रविवारी दुपारी जेवण झालं की हे आडवे व्हायचे स्वल्पविराम आणि पाच मिनिटांत असे घोरायचे की सुट्टीच्या दिवशीही खाली यंत्र चालू आहे असं वाटायचं पूर्णविराम."

मी टायपिंग थांबवलं. या एका बाबतीत यांनी आयुष्यभर माझं म्हणणं मान्य केलं नव्हतं. हे म्हणायचे, मी घोरत नाही, तो आवाज नळाचा. नळ गेला, घर बदललं, तरी आवाज नळाचाच. वहीत ते वाक्य मी मुद्दाम लिहिलं होतं, आणि हे काय करणार ते मला लिहितानाच ठाऊक होतं.

"वाक्य निराधार," हे म्हणाले. "वगळावे."

मग पान उलटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. खोकल्याची एक उबळ आली, लांबलचक. पेला उचलल्याचा आवाज, पाणी प्यायल्याचा, पेला ठेवल्याचा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, घसा न खाकरता, हळू आवाजात, "कायम."

छापखान्यात एकदा खोडलेलं पुन्हा ठेवायचं झालं तर त्या शब्दांखाली ठिपके देतात आणि समासात कायम असं लिहितात. म्हणजे खोडाखोड रद्द, मजकूर होता तसा राहू द्यावा. हे म्हणायचे, संबंध नोकरीत त्यांनी ते चार वेळा लिहिलं असेल. आपण मारलेली रेघ चुकीची होती, अशी सही असते ती.

पान उलटलं आणि हे पुढचं वाचू लागले. मी आवाज थांबवला.

"काय झालं वहिनी, बंद पडलं का?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"नाही."

ते जरा घुटमळले. "खरंच एवढे घोरायचे का हो ते?"

"यांनीच कायम केलंय," मी म्हटलं, आणि तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून लावली.